चार सेकंदांचा फरक

माझा राग नाकावर असतो, असं आई सगळ्यांना सांगते. त्या नाकाचा दुसरा काही उपयोग नाही, हे मात्र ती सांगत नाही. लहानपणापासूनची सर्दी आहे. गॅसवर दूध करपलं तरी मला कळत नाही, शेजारीण खिडकीतून ओरडते तेव्हा कळतं. केमिस्ट म्हणवणाऱ्या बाईला हे शोभत नाही, पण मी कधी मनाला लावून घेतलं नाही. आमच्या कामात वास घ्यायला यंत्रं असतात.

आमची लॅब भिलाईच्या इंडस्ट्रियल एरियात, एका शेडच्या अर्ध्या भागात होती. उरलेल्या अर्ध्यात वेल्डिंग चाले. लॅब ज्यांची, ते सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेले. एक मदतनीस मुलगी आणि मी, अशा आम्ही दोघी त्यांच्या हाताखाली. मुख्य काम रंगाच्या कारखान्याचं. रंग पातळ करायचं सॉल्व्हंट तिथे टँकरने येई. टँकर गेटवर उभा राहिला की आधी सॅम्पल आमच्याकडे, आम्ही हो म्हटलं तर टँकर रिकामा करायचा, नाही म्हटलं तर आल्या वाटेने परत. टँकरच्या कामाला मी मदतनीस मुलीला हात लावू देत नसे. ती कुरियरने येणारी सॅम्पलं बघायची. जबाबदारीचं काम आपणच करावं, असा माझा बाणा.

ते काम होई जीसीवर. जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. सॉल्व्हंटचा एक थेंब टोचायचा, तो गरम भट्टीतल्या केसासारख्या बारीक, लांबलचक नळीतून पुढे सरकतो, आणि त्यातले घटक एकेक करून दुसऱ्या टोकाला बाहेर पडतात. बाहेर पडला की कागदावर एक उंचवटा. कोण किती मिनिटांनी बाहेर पडला, त्यावरून तो कोण हे ओळखायचं. लग्नाच्या हॉलबाहेर बसून जेवून निघालेल्या पाहुण्यांची वेळ टिपावी तसं ते आहे. वेळ अचूक कळते, चेहरा दिसत नाही. दोन पाहुणे जवळपास एकाच वेळी बाहेर पडत असतील तर अंदाज करावा लागतो, आणि अंदाज करणारा माणूस आपल्या अंदाजावर खूश असला की झालंच.

सॅम्पल आणायचे काका. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला मॅडम. साठीच्या आसपासचे, दुर्गच्या मोहन नगरात राहणारे. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत गँगमन म्हणून आलेले. काकांची आणि माझी बोली एकच, म्हणून सरांसमोर हिंदी आणि सर केबिनमध्ये गेले की आमचं घरचं सुरू. टँकरच्या शिडीवरून ते वर चढत, झाकण उघडून साखळीला बांधलेला पितळी डबा आत सोडत. वरचं, मधलं, तळाचं, तिन्ही ठिकाणचं घेत. बाटली आधी हुंगून बघत, त्याच सॉल्व्हंटने तीनदा विसळून मग भरत. तोंडावर कापड, दोरा, त्यावर लाखेचं सील. सील लावलं की बाटली ड्रायव्हरच्याही हातात देत नसत. एकदा पावसात त्यांनी बाटली शर्टाच्या आत धरून आणली आणि स्वतः चिंब भिजले. मी त्यांना म्हटलं, अहो, काचेची आहे, भिजली तर काय होणार. ते म्हणाले, भिजलेल्या सीलवर कोणी बोट ठेवलं तर जवाब मला द्यावा लागेल, बाटलीला नाही.

सॅम्पल आणणाऱ्याकडे दुसरं काही नसतं. डिग्री नाही, यंत्र नाही. त्याने आणलेली बाटली त्याच टँकरची आहे, एवढा त्याचा शब्द असतो. तो गेला की माणूस गेला.

एका सोमवारी कागदावर शेवटी शेवटी एक छोटा उंचवटा आला, जो तिथे यायला नको होता. मी सॅम्पल पुन्हा टोचलं. पुन्हा तोच. पुढच्या टँकरला तोच, त्याच्या पुढच्यालाही. टँकर परत पाठवण्याइतका मोठा तो नव्हता, पण होता. शनिवारपर्यंत तो जरा खाली बसे आणि सोमवारी पुन्हा मान वर काढी. ताडून बघायला शुद्ध सॉल्व्हंट भरून ठेवलेली ब्लँकची कुपी मात्र स्वच्छ, त्यामुळे यंत्र निर्दोष. कुरियरच्या सॅम्पलांतही नाही. फक्त काकांनी आणलेल्या बाटल्यांत. मला वाटलं, वा, आता कुठे मजा आली.

वेळ जवळपास नॅप्थलीनची होती. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवतो, तेच. नीट न गाळलेलं स्वस्त तेल मिसळलं की सॉल्व्हंटमध्ये नॅप्थलीन येऊ शकतं. मी शुद्ध नॅप्थलीन टोचून ताडून पाहिलं. वेळ चार सेकंदांनी वेगळी आली. चार सेकंद. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मी म्हटलं, नळी जुनी झाली आहे, चार सेकंदांचं काय घेऊन बसायचं. मी सरांना रिपोर्ट दिला की सॅम्पलात नॅप्थलीन आहे, भेसळ आहे. टँकर वेगवेगळ्या मालकांचे होते, सगळे एकदम भेसळ कशी करतील, असं सरांनी विचारलं. मी फाडकन म्हणाले, टँकर वेगवेगळे असतील, सॅम्पल आणणारा एकच आहे.

हे वाक्य मी बोलले. कोणी माझ्या तोंडात घातलं नाही.

सरांनी काकांना बोलावलं. तो दिवस मला आहे तसा आठवतो, वेल्डिंगचा आवाज नेमका तेव्हाच बंद होता. सरांनी हिंदीत सगळं समजावलं, की सॅम्पलात दुसरं काहीतरी येतंय, चौकशी होईपर्यंत घरी बसा. काका माझ्याकडे बघत होते. मग ते मराठीत, म्हणजे फक्त मला, म्हणाले, "मॅडम, मी बाटली कोनाच्या हाती नाई देल्ली."

मी म्हटलं, यंत्र खोटं बोलत नाही, काका.

त्यांनी पितळी डबा टेबलावर ठेवला, साखळी गुंडाळून आत ठेवली आणि गेले. रंगाच्या कारखान्याच्या गेटवरून त्यांचा पासही काढून घेतला, हे दोन दिवसांनी कळलं. इंडस्ट्रियल एरिया लहान आहे. आठवड्याभरात वेल्डिंगवाल्याने मला विचारलं की तुमचा बुढा चोर निघाला म्हणे, बाटलीतला चांगला माल काढून भलतंच भरायचा. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

काकांच्या जागी गेटवरचाच एक जण सॅम्पल आणू लागला. आणि उंचवटा येतच राहिला.

कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. मी नाही. मी सरांना म्हटलं की बाटल्या काकांनीच धुऊन ठेवलेल्या आहेत, बाटल्यांतच काहीतरी असणार. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडे बघावं तसं सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, तू त्या उंचवट्याला नाव ठेवलंस, पण अजून त्याचा चेहरा पाहिला नाहीस.

सरांनी कुठल्याशा बंद पडलेल्या संस्थेतून एक जुनं आयआर, म्हणजे इन्फ्रारेड यंत्र आणलेलं होतं आणि ते जीसीला जोडायचा त्यांचा खटाटोप वर्षभर चालू होता. त्याला आम्ही सरांचा संसार म्हणायचो. जीसीच्या नळीतून जे बाहेर पडतं, ते वाऱ्यावर न सोडता आतून सोन्याचा मुलामा दिलेल्या एका गरम काचनळीतून न्यायचं. त्या नळीतून आरपार इन्फ्रारेड प्रकाश जातो. प्रत्येक पदार्थ त्या प्रकाशातला आपापला वाटा गिळतो, आणि कुठला वाटा गेला त्यावरून त्याचा चेहरा उमटतो. जीसी वेळ सांगते, आयआर ओळख पटवतं. नळीच्या दोन्ही तोंडांना मिठासारख्या स्फटिकाच्या खिडक्या असतात, त्यांना दमट हवा सोसत नाही. म्हणून सर पावसाळाभर त्या खोलीत कोणाला ओल्या छत्रीने येऊ देत नसत. प्रकाश टिपणारा भाग द्रवरूप नायट्रोजन ओतून गार ठेवावा लागे. त्या वाफा बघून मदतनीस मुलगी दर वेळी दोन पावलं मागे सरके.

आयआरला माल जरा जास्त लागतो, म्हणून मी थेंब मोठा टोचला. आम्ही तिघं स्क्रीनसमोर बसलो. सॉल्व्हंटचे घटक एकामागून एक गेले. मग त्या उंचवट्याची वेळ आली, आणि आलेख एका जागी असा खोल खाली गेला की सर खुर्चीतून अर्धे उठले. नॅप्थलीनमध्ये कार्बन आणि हायड्रोजन सोडून काही नाही. ही खूण ऑक्सिजनची होती, कार्बनशी घट्ट जोडलेल्या ऑक्सिजनची. नॅप्थलीनचा तिथे काही संबंधच नव्हता. संगणकाने त्याच्याकडच्या हजारो चेहऱ्यांशी ताडून पाहिलं आणि पहिलं नाव दिलं: कापूर.

मदतनीस मुलगी हसली. देवघरातला कापूर का, असं तिने विचारलं. सर म्हणाले, तोच.

माझे चार सेकंद मला लख्ख आठवले. पण माणसाची खोड जात नाही. माझ्या डोक्याने पुन्हा तीच वाट धरली. बाटल्यांच्या कपाटात काकांनी झुरळांसाठी कापूर ठेवला असेल. नाहीतर टँकरवर चढण्याआधी कापूर लावून पाया पडत असतील, हाताला लागत असेल. म्हणजे चोरी नाही, निष्काळजीपणा. एवढी सूट मी त्यांना मनातल्या मनात दिली आणि स्वतःच्या मोठेपणावर खूशही झाले. सर म्हणाले, जाऊन विचार त्यांना, फोनवर नको.

मोहन नगरात त्यांचं घर शोधायला वेळ लागला नाही. काका अंगणात सायकलची चेन साफ करत होते. मला बघून उठले, हात कापडाला पुसले, आत या म्हणाले. कोणी काही झालंच नाही असं वागलं की मला फार अवघड होतं. काकूंनी चहा ठेवला. समोर भिंतीत कोनाडा होता, त्यात बुद्धाची लहानशी मूर्ती, बाजूला अर्धी जळलेली मेणबत्ती आणि ताजी फुलं. मी तिकडे पाहिलं खरं, पण पाहून मला काही उमजलं नाही. मी प्रश्न घरूनच ठरवून आले होते.

मी म्हटलं, काका, नॅप्थलीन नव्हतं. कापूर निघाला. तुम्ही पूजेला किंवा कपाटात कापूर वापरत होता का?

ते कोनाड्याकडे बघून थोडं हसले. "आमच्या घरी कापूर नाई जळत, मॅडम. आमी मेनबत्ती लावतो. कापूर आनतच नाई आमी."

खरं म्हणजे हे मला ठाऊक असायला हवं होतं. इतकी वर्षं त्यांच्याशी घरची बोली बोलत होते आणि त्यांच्या घरात काय जळतं ते मला माहीत नव्हतं. मग ते अगदी साधेपणाने, एखादी हरवलेली वस्तू दाखवून द्यावी तसं म्हणाले, "कापूर तर तुमच्या अंगाले येते. रोज येते. सोमवारी जास्त. मले वाटे तुमी पूजा करून येता."

मला आधी काहीच समजलं नाही. मग सगळं एकदम समजलं.

कोरोनाच्या दिवसांत आईने घरातल्या प्रत्येकाला एक पुरचुंडी शिवून दिली होती. मलमलचं कापड, आत कापूर, ओवा आणि लवंगा. श्वास मोकळा राहतो, असं कोणीतरी फोनवर पाठवलं होतं. कोरोना गेला, बाकीच्यांनी पुरचुंड्या फेकल्या. माझी आईने फेकू दिली नाही, कारण मी "जहरात काम करते." तिने ती माझ्या एप्रनच्या उजव्या खिशात टाकली आणि एप्रन धुवायचं काम स्वतःकडे घेतलं. दर रविवारी एप्रन धुऊन, इस्त्री करून, पुरचुंडीत ताजा कापूर भरून पुन्हा खिशात. तो पहिला उंचवटा आला त्याच्या आदल्याच रविवारी तिने कापराच्या वड्या दुप्पट केल्या होत्या, कारण सरांचं यंत्र आता सुरू होणार असल्याचं मी तिला सांगितलं होतं. मला वास येत नाही, आणि लॅबमधल्या बाकीच्यांना तो सॉल्व्हंटच्या दर्पात वेगळा कळत नसावा. ती पुरचुंडी खिशात आहे हे मी विसरूनही गेले होते.

आणि त्याच खिशात मी झाकणं ठेवायचे. सॅम्पलाच्या बोटभर कुप्यांना लावायची झाकणं, आतून रबराची चकती असलेली. सकाळी मूठभर झाकणं खिशात टाकायची, म्हणजे एका हातात कुपी धरून दुसऱ्याने झाकण लावता येतं, खोक्यापर्यंत जावं लागत नाही. ही माझी जुनी सवय, मी मदतनीस मुलीलाही शिकवायला निघाले होते, तिने ऐकलं नाही म्हणून तिची सॅम्पलं स्वच्छ. ब्लँकची कुपी आठवड्यातून एकदा भरायची, तिला खोक्यातलं झाकण लावायचं. म्हणून तीही स्वच्छ. रबर कापूर पितं. दिवसभर पीत होतं आणि काकांनी पावसात छातीशी धरून आणलेल्या सॅम्पलात सोडत होतं.

मी त्यांना हे सगळं सांगितलं. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी विचारलं, तुम्हाला वास येत होता, मग तुम्ही आधी का नाही बोललात?

"मले कोनी इचारलं कुठं, कशाचा वास येते म्हनून," काका म्हणाले. "तुमी म्हनलं नॅप्थलीन. मशीन सांगून राहिली, तुमी सांगून राहिले. मी म्हनलं, तुमी कावून खोटं सांगान?"

त्या वाक्याने मला रडू आलं. मी माझ्यावर एकदाही संशय घेतला नव्हता, आणि त्यांनीही माझ्यावर घेतला नव्हता. सगळ्या प्रकरणात संशय घ्यायला एकच माणूस होता आणि तो त्या दिवशी सायकलची चेन साफ करत होता.

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर शुद्ध सॉल्व्हंट दोन कुप्यांत भरलं. एकीला खोक्यातलं झाकण, दुसरीला माझ्या खिशातलं. एक स्वच्छ निघाली, दुसरीत कापूर. सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं की आधीचा रिपोर्ट चुकीचा आहे, सॅम्पलात भेसळ नव्हती, सॅम्पल घेणाऱ्याचा दोष नव्हता, दूषित झाकणं मी वापरली, आणि खाली सही केली. त्याची एक प्रत रंगाच्या कारखान्यात गेली, पास परत मिळाला. आईला सांगितलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मग म्हणाली की त्या बिचाऱ्याला आपल्यामुळे त्रास झाला, त्याला जेवायला बोलाव. पुरचुंडी आता स्कुटीच्या डिकीत असते. तिथून तिला हलवायची माझी हिंमत नाही.

काका मात्र लगेच आले नाहीत. त्यांनी निरोप पाठवला की कागद साहेबांनी वाचला, गेटवरच्यांनी नाही वाचला. त्यांचं बरोबर होतं. चोर म्हणणाऱ्यांनी कुठे रिपोर्ट वाचून म्हटलं होतं. म्हणून ज्या दिवशी ते परत यायचे होते, त्या दिवशी मी सकाळीच गेटवर गेले, लॅबमधून तशीच, एप्रन अंगावर. दोन टँकर उभे होते. ड्रायव्हर, क्लीनर, गेटवरचे लोक, चहावाला, सगळे होते. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, भांडायची आहे. मी हिंदीत, मोठ्याने, सांगून टाकलं की गलती मेरी थी, काका की नहीं, कापूर माझ्या खिशात होता. कोणीतरी हसलं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि या वेळी भांडले नाही.

काका शिडीवरून वर चढले. डबा आत सोडला. वरचं, मधलं, तळाचं. बाटली तीनदा विसळली, भरली, कापड बांधलं, लाख लावली, खाली आले. मी हात पुढे केला. त्यांनी बाटली दिली नाही, छातीशी धरून ठेवली.

"मॅडम," ते म्हणाले, "आधी खिसे दाखवा."

ते थट्टा करत नव्हते. डोळ्यांत राग नव्हता, पण थट्टाही नव्हती. मी सगळ्यांसमोर एप्रनचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. काका पुढे वाकले, बाटली भरण्याआधी बाटलीचा घेत तसा त्यांनी उजव्या खिशाचा वास घेतला, मग डाव्याचा. मग त्यांनी बाटली माझ्या हातात दिली.

तेव्हापासून रोज ते खिसे तपासतात आणि मग बाटली देतात. मी रोज दाखवते.